गैरहजर औषधांचा हजेरीपट

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावात त्यांना गुरुजी म्हणतात, आम्ही घरात अण्णा म्हणतो. रक्तदाबाची गोळी त्यांना रोज घ्यावी लागते. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असताना मी त्यांच्याबरोबर जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासले, केसपेपरवर गोळ्या लिहून दिल्या. औषधांच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आल्यावर आतल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो. रक्तदाबाची गोळी संपलीय, बाहेरून घ्या." एका चिठ्ठीवर त्याने गोळीचे नाव लिहून दिले, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची नोंद समोरच्या वहीत केली आणि पुढच्या बाईंचा कागद मागितला.

घरी येताना अण्णा म्हणाले, "एक पाहिलंस का? जी गोळी दिली तिची त्याने नोंद केली. जी दिली नाही तिची कुठेच केली नाही. आम्ही इतकी वर्षं हजेरी घेतली. हजर मुलाची खूण करायची तशी गैरहजर मुलाचीही करायची. नाहीतर हजेरीपट कसला?"

तेव्हा मी नुसते 'हो' म्हटले. माझे शिक्षण रसायनशास्त्राचे. औषधांच्या शुद्धतेशी कामानिमित्त संबंध येतो, त्यामुळे सरकारी औषधखरेदीविषयी जे लिहिले जाते ते मी वाचत असतो. ह्या लिखाणात तामिळनाडूच्या खरेदीपद्धतीचे कौतुक हमखास असते, आणि ते योग्यच आहे. पण ते वाचताना अण्णांचा प्रश्न दर वेळी आठवतो. ह्या पद्धतीत नेमके चांगले काय आहे, इतरांनी तिच्यातून काय उचलले व काय वगळले, आणि खुद्द तिच्यातही कोणती वही अजून उघडलेली नाही, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न ह्या लेखात करतो आहे.

आधी काय होते

सरकारी औषधखरेदी म्हणजे वाण्याकडून महिन्याचा किराणा भरणे नव्हे. हजारो दवाखाने, शेकडो औषधे आणि प्रत्येक औषधाला मुदत. जास्त घेतले तर मुदत संपून फेकावे लागते, कमी घेतले तर रुग्ण परत जातो. शिवाय औषध खरे आहे की खोटे हे विकत घेणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही.

ह्या शेवटच्या गोष्टीची फार मोठी किंमत मुंबईने मोजलेली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते. ते मूत्रपिंडे निकामी करते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोडसर. बाटली हातात घेऊन फरक सांगता येणार नाही. मात्र प्रयोगशाळेत तो सहज कळतो. शुद्ध ग्लिसरिनाची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.२६ ग्रॅम, डायएथिलीन ग्लायकॉलची सुमारे १.१२ ग्रॅम. भेसळ थोडी असेल तर घनतेवरून भागत नाही, क्रोमॅटोग्राफी करावी लागते. पण तीही काही दुर्मीळ तपासणी नव्हे. न्यायमूर्ती बख्तावर लेन्टिन ह्यांच्या चौकशी आयोगाने खरेदीच्या साखळीतला आणि अन्न व औषध प्रशासनातला ढिसाळपणा व भ्रष्टाचार उघड केला. द्रव कोणता आहे हे सांगणारे शास्त्र उपलब्ध होते. खरेदीच्या व्यवस्थेत मात्र ते वापरणे कोणाला भागच पडत नव्हते.

तामिळनाडूने काय केले

तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ साली स्थापन झाले आणि १९९५ च्या सुरुवातीपासून त्याने औषधे पुरवायला सुरुवात केली. आर. पूर्णलिंगम ह्या सनदी अधिकाऱ्याचे नाव ह्या उभारणीशी जोडले जाते. महामंडळाने केलेल्या गोष्टी एकेकट्या पाहिल्या तर साध्या आहेत.

पहिली गोष्ट यादीची. बाजारात हजारो नावांची औषधे असतात, पण बहुसंख्य आजारांना पुरतील अशी मूळ औषधे काही शेच असतात. हा विचार नवा नव्हता. आपल्याकडे हाथी समितीने १९७५ मध्ये ११७ औषधे आवश्यक म्हणून वेगळी काढली होती आणि जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी १९७७ मध्ये आली. तामिळनाडूने यादी भाषणापुरती न ठेवता खरेदीचा आधार केली. यादीतले औषध, आणि तेही कंपनीच्या नावाने नव्हे तर मूळ नावाने.

दुसरी गोष्ट निविदेची. निविदा दोन लिफाफ्यांत. पहिल्यात कारखान्याची पात्रता: परवाना, उत्पादनाचा अनुभव, उलाढाल. त्यात उतरणाऱ्याचाच किमतीचा दुसरा लिफाफा उघडायचा.

तिसरी गोष्ट तपासणीची. माल जिल्ह्याच्या गोदामात आला की प्रत्येक घाणीचे, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाचे, नमुने काढायचे. त्यांवरचे कंपनीचे नाव झाकायचे, सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि ते प्रयोगशाळेकडे पाठवायचे. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव का नसते हे शिक्षकांना सांगायला नको. अहवाल चांगला आला तरच माल दवाखान्यांकडे जातो. वाईट आला तर माल परत, आणि वारंवार तसे झाले तर कंपनी काळ्या यादीत.

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडते. प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे एक पासबुक. त्यात त्याच्या वाट्याची वर्षाची रक्कम लिहिलेली. त्या रकमेच्या मर्यादेत दवाखाना गोदामातून आपल्याला हवी ती औषधे हव्या त्या प्रमाणात उचलतो आणि तेवढी रक्कम पासबुकातून वजा होते. किंमत राजधानीत ठरते, पण काय व किती घ्यायचे हे दवाखान्यात ठरते. विंचूदंशाचे रुग्ण असलेल्या गावाला खोकल्याच्या औषधांची खोकी स्वीकारावी लागत नाहीत.

पाचवी गोष्ट पैशांची. माल पोचला, तपासणीत उतरला की पुरवठादाराचे पैसे वेळेवर द्यायचे. ही बाब किरकोळ वाटते, पण किमती खाली येण्याचे अर्धे रहस्य इथे आहे. सरकारकडून पैसे वर्षभर मिळणार नाहीत हे ठाऊक असलेला पुरवठादार ते व्याज किमतीत आधीच मिळवतो, आणि चांगला पुरवठादार निविदा भरतच नाही. मोठी मागणी, मूळ नावाने खरेदी, जाहिरातीचा व विक्रीच्या साखळीचा खर्च नाही आणि पैशांची खात्री, हे सगळे जुळले की तीच गोळी दुकानातल्या किमतीच्या लहानशा भागात मिळू शकते. त्यात जादू नाही.

राजस्थानात काय दिसले

राजस्थानने २०११ मध्ये असेच महामंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधयोजना सुरू केली. डॉ. समित शर्मा हे सनदी अधिकारी तेव्हा महामंडळाचे काम पाहत होते. रुग्णालयांत औषध वितरणाच्या खिडक्या उघडल्या गेल्या, आणि साठ्याची नोंद संगणकावर ठेवली जाऊ लागली.

योजना सुरू झाल्यावर सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढली. माझ्या मते हा त्या योजनेचा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. आजार त्या २ ऑक्टोबरला एकदम वाढले नव्हते. हे रुग्ण आधीही होतेच. काही खासगी दवाखान्यात जात होते, काही घरीच बसत होते. सरकारी वहीत ते नव्हते, म्हणून त्यांची गरजही वहीत नव्हती. औषध मिळते असे कळल्यावर गरज दिसू लागली.

त्याच वर्षी, नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने सार्वत्रिक आरोग्यसेवेवरचा अहवाल दिला. औषधांवरचा सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यावा आणि राज्याराज्यांत औषधपुरवठ्याची महामंडळे उभारावीत, असे त्यात सुचवले होते. शिफारस बरोबर होती. पैसे वाढवल्याशिवाय काहीच होणार नाही. पण पैसे आणि महामंडळ ह्या दोन गोष्टी पुरेशा आहेत असा समज पुढे अनेक ठिकाणी रूढ झाला. तिथून माझी टीका सुरू होते.

पाटी घेतली, पुस्तक घेतले नाही

तामिळनाडूचा गुण मध्यवर्ती खरेदीत आहे असे मानून अनेकांनी मध्यवर्ती खरेदी तेवढी उचलली. वास्तविक त्या पाच गोष्टी एकमेकींना धरून आहेत. वेळेवर पैसे नाहीत तर चांगला पुरवठादार नाही. चांगला पुरवठादार नाही तर कमी किमतीला अर्थ नाही. पासबुक नाही तर दवाखान्याला आवाज नाही. गोदामात थोडा जास्तीचा साठा नाही, तर वर निविदेला दोन महिने उशीर झाला की खाली दोन महिने खिडकी रिकामी.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. २०१७ साली राज्याने आपल्या विविध खात्यांची औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. हाफकिन हे नाव आपल्याला लसींमुळे आदराने ठाऊक आहे. पण लस बनवण्याचे कौशल्य वेगळे आणि हजारो दवाखान्यांना वेळेवर औषध पोचवण्याचे वेगळे. पुढच्या वर्षांत निधी आहे पण औषध नाही, अशा तक्रारी सातत्याने होत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण ही स्वतंत्र संस्था निर्माण करण्यात आली. नवी संस्था आली हे चांगले. पण ती पाचही गोष्टी एकत्र आणते की नुसती पाटी बदलते, ह्यावर सगळे अवलंबून राहील.

मध्यवर्ती खरेदीत आणखी एक धोका असतो. सगळ्यांसाठी एकच दार असले आणि ते अडकले, तर सगळेच बाहेर राहतात. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या औषधांबाबत हे देशभर दिसले. केंद्राकडून होणारा पुरवठा लांबणार असल्याने राज्यांनी सुमारे तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्यावीत, असे केंद्रीय क्षयरोग विभागाला कळवावे लागले. क्षयरोगात औषधांचा खंड म्हणजे काय ते विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि त्यात अनेक औषधे एकत्र देतात. कारण कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू असतातच. सगळी औषधे नियमित चालू राहिली तर तेही मरतात. मध्येच खंड पडला, किंवा चारांपैकी दोनच औषधे मिळाली, तर नेमके हे चिवट जंतू उरतात आणि वाढतात. मग तोच आजार अधिक महागड्या, अधिक त्रासदायक आणि अधिक लांबलचक उपचारांची मागणी करतो. इथे खरेदीतला उशीर कागदावर राहत नाही, तो फुप्फुसात जातो.

म्हणून एका औषधासाठी एकच, सर्वांत स्वस्त पुरवठादार हा नियम मला अपुरा वाटतो. सर्वांत कमी किंमत सांगणारा ऐनवेळी माल देऊ शकला नाही, तर त्याला दंड होतो, पण दंडाची गोळी करून रुग्णाला देता येत नाही. महत्त्वाच्या औषधांची मागणी दोन पात्र पुरवठादारांत विभागणे आणि पुरवठादाराच्या उशिराला जसा दंड तसे सरकारच्या उशिरालाही व्याज लावणे, ह्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी ती किंमत रास्त मानायला हवी.

वहीत न दिसणारी गरज

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. तामिळनाडूसह जवळपास सर्वत्र पुढच्या वर्षी किती औषध लागेल हे मुख्यतः मागच्या खपावरून ठरवतात. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. एक काल्पनिक उदाहरण वर्गात फळ्यावर मांडून पाहा.

एका आरोग्य केंद्रात रक्तदाबाचे २०० रुग्ण आहेत. प्रत्येकाला रोज एक गोळी. महिन्याला ६,००० गोळ्या, वर्षाला ७२,०००. ही झाली खरी गरज. समजा, एका वर्षी पुरवठ्यात अडचण आली आणि चार महिने गोळ्या नव्हत्याच. वहीत खप किती दिसेल? आठ महिन्यांचा, म्हणजे ४८,०००.

पुढच्या वर्षाचे मागणीपत्र भरताना अधिकारी मागच्या खपात दहा टक्के वाढ धरतो. मागणी झाली ५२,८००. समजा, ती पूर्णच्या पूर्ण आणि वेळेवर आली. तरी ह्या गोळ्या नऊ महिनेही पुरणार नाहीत. वर्षअखेरीस वहीत खप दिसेल ५२,८००. मागितले तेवढे आले, आले तेवढे संपले, सगळे आलबेल. तिसऱ्या वर्षी पुन्हा दहा टक्के वाढवून ५८,०८०, चौथ्या वर्षी ६३,८८८, पाचव्या वर्षी सुमारे ७०,२७७. सहाव्या वर्षी कुठे मागणी ७७,००० च्या पुढे जाऊन खऱ्या गरजेला पुरेल. म्हणजे एकदाच झालेली चार महिन्यांची टंचाई पुढे चार वर्षे सावलीसारखी मागे राहिली. ह्या काळात कोणी चोरी केली नाही, आळस केला नाही, पुरवठादाराने फसवले नाही. प्रत्येक वर्षी मागणी वाढवलीसुद्धा. तरीही दर वर्षी काही काळ खिडकीतून चिठ्ठीच मिळाली.

ह्याचे कारण एका शब्दात सांगता येते. वहीने खपाला गरज मानले. पण खप म्हणजे गरज आणि साठा ह्यांपैकी जे कमी असेल ते. साठा पुरेसा असेल तेव्हा खप गरज दाखवतो. साठा संपला की तोच आकडा आपला साठाच आपल्याला परत दाखवतो. टंचाई अशा रीतीने स्वतःचा पुरावा स्वतःच पुसून टाकते.

ह्यावर उपाय अवघड नाही. फक्त एका भागाकाराचा आहे. वर्षाच्या खपाला बाराने नव्हे, तर औषध प्रत्यक्ष उपलब्ध होते तेवढ्या महिन्यांनी भागायचे. ४८,००० भागिले ८, म्हणजे ६,०००. त्याला बाराने गुणले की ७२,०००. खरी गरज पहिल्याच वर्षी हाती आली. औषधपुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकांत हे गणित दिलेले असते. त्यासाठी फक्त एक आकडा लागतो: हे औषध वर्षात किती दिवस नव्हते? अण्णा म्हणत होते ती गैरहजेरी ती हीच.

हे गणितही पूर्ण नाही, हे मान्य केले पाहिजे. चार-पाच खेपा रिकाम्या हाती परत गेलेला रुग्ण दवाखान्यात येणेच सोडतो. मग औषध उपलब्ध असलेल्या महिन्यांतला खपसुद्धा कमी दिसू लागतो. राजस्थानात रुग्ण वाढलेले दिसले ते ह्यामुळेच. आणि जे औषध यादीतच नाही त्याची तर गैरहजेरीही लागणार नाही. म्हणून खपाच्या आकड्याला दुसऱ्या बाजूनेही ताडून पाहावे लागते: ह्या भागात ह्या आजाराचे रुग्ण अंदाजे किती, प्रत्येकाला उपचार किती, गुणाकार किती. दोन्ही रीतींनी काढलेल्या उत्तरांत मोठे अंतर पडले, तर ते अंतर म्हणजेच आपल्यापर्यंत न पोचलेले रुग्ण.

नोंद का होत नाही

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो फोल नाही. आधीच दवाखान्यात माणसे कमी, रांगा लांब, वह्या ढीगभर. त्यात आणखी एक वही कशाला? पण बहुतेक राज्यांत आता साठ्याची नोंद संगणकावर होते. साठा शून्यावर आला तो दिवस आणि पुन्हा आला तो दिवस यंत्राला माहीत असतो. त्यांतले अंतर काढायला नवा माणूस लागत नाही. मात्र गोदामात औषध आहे पण गाडी नाही म्हणून दवाखान्यात नाही, हे गोदामाचा आकडा पाहून कळणार नाही. म्हणून हा आकडा रुग्णासमोरच्या खिडकीचा हवा.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. 'नाही' असे लिहिणे सोयीचे नसते. साठा संपल्याची नोंद केली की विचारणा होते, शेरा येतो, लेखापरीक्षणात मुद्दा निघतो. चिठ्ठी लिहून दिली की विषय तिथेच मिटतो. शिक्षकांना हे चांगले समजेल. पटावरची गळती दाखवणाऱ्या शिक्षकालाच जाब विचारायचे ठरवले, तर पट शंभर टक्के भरेल आणि मुले मात्र शेतात, वीटभट्टीवर असतील. औषधाची गैरहजेरी लिहिणाऱ्याला शिक्षा न होता औषध मिळाले पाहिजे, तरच ती लिहिली जाईल.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. औषधे नव्हती असा आरोप झाला, औषधे होती असे शासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणे ठरवणे ह्या लेखाचे काम नाही आणि माझा तो अधिकारही नाही. पण असा वाद उभा राहतो तेव्हा एक गोष्ट जाणवते. कोणत्या रुग्णाला कोणते औषध कोणत्या वेळी हवे होते आणि ते मिळाले की नाही, ह्याची रोजची जाहीर नोंद असती, तर निदान ह्या एका प्रश्नाचे उत्तर आरोप-प्रत्यारोपांतून शोधावे लागले नसते.

मूल्यमापन कशाचे करायचे

तामिळनाडूच्या पद्धतीने खरेदीतल्या दोन प्रश्नांची उत्तरे चांगली दिली: औषध स्वस्त आहे का, आणि ते खरे आहे का? जे. जे. रुग्णालयातल्या त्या १४ जणांची आठवण ठेवली, तर दुसऱ्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. अर्थात सरकारी खरेदीतल्या तपासणीने खासगी दुकानातले औषध शुद्ध होत नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्या औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडले, आणि ते तामिळनाडूतल्याच एका कारखान्यात बनले होते. त्यासाठी औषध नियंत्रणाची वेगळी, जागी यंत्रणा हवी.

पण तिसरा प्रश्न, औषध हवे त्या दिवशी खिडकीत होते का, हा कौतुक करणाऱ्या लिखाणातही कडेला पडतो. बाजारभावापेक्षा किती टक्के स्वस्त ह्याचे तक्ते छापले जातात. किती दिवस उपलब्ध ह्याचा तक्ता शोधावा लागतो. महामंडळाचे गुण किमतीवर दिले, तर ते किमतीचाच अभ्यास करणार. परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात शिकवले जात नाही, हे आपण जाणतोच. म्हणून प्रत्येक आरोग्य केंद्राच्या दारावर, निदान वीस-पंचवीस जीवनावश्यक औषधांसाठी, गेल्या वर्षात ते किती दिवस नव्हते हे लिहिलेले असावे. आणि खरेदी करणाऱ्या संस्थेचे पहिले मूल्यमापन त्या फळ्यावरून व्हावे, किमतीवरून नंतर.

शाळा ह्यात काही करू शकते. वरचे गणित नववी-दहावीच्या मुलांना देता येईल. ४८,००० ऐवजी दुसरे आकडे घेऊन, पाच टक्के किंवा वीस टक्के वाढ धरून टंचाई किती वर्षे रेंगाळते ते त्यांना काढू द्यावे. चक्रवाढीचा इतका जिवंत उपयोग बँकेच्या व्याजातही सापडणार नाही. मोठी मुले माहितीच्या अधिकारात आपल्या आरोग्य केंद्रातल्या औषधांच्या उपलब्धतेचे दिवस विचारू शकतील. रुग्ण कल्याण समितीवर ओळखीचे कोणी असेल तर हा प्रश्न बैठकीत मांडता येईल. उत्तर 'अशी नोंद ठेवली जात नाही' असे आले, तरी तेही एक उत्तरच आहे.

अण्णांनी त्या दिवशी चिठ्ठी घेऊन दुकानातून गोळ्या आणल्या. त्यांना निवृत्तिवेतन आहे. तरी महिन्याभराने माझ्या लक्षात आले की ते एक दिवसाआड गोळी घेत होते. "पुरवून वापरतोय," म्हणाले. त्यावरून घरात वादावादी झाली आणि ते नियमित घेऊ लागले.

रांगेत आमच्या मागे ज्या बाई होत्या त्यांच्या हातातही तसाच केसपेपर होता. त्यांनाही चिठ्ठीच मिळाली असणार. त्या दुकानात गेल्या की थेट घरी, हे मला माहीत नाही. दवाखान्यालाही माहीत नाही. तिथल्या वहीत त्या दिवशी त्यांना काहीच लागले नव्हते.